आंब्याखालची बैठक

विहिरीत सोडण्याआधी बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधायचे असतात, हे त्या रविवारी तात्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी चोवीस बाटल्या दोन पोत्यांत भरल्या, पोत्यांची तोंडं सुंभानं आवळली आणि दुपारी बाराच्या उन्हात पायऱ्या उतरून ती पाण्यात सोडली. वर येऊन मानेवरचा घाम पुसत ते पुतण्याला म्हणाले, "झालं बघ. एवढंच तर काम. तुझा बाप सकाळपासनं त्याचंच नाटक करत बसायचा."

विश्वजित नुसता हसला. चार महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांचं, आण्णांचं वर्षश्राद्ध झालं होतं. गेल्या मे महिन्यात दुखवट्यामुळे बैठक बसली नव्हती. यंदा बसवायचीच, असा हट्ट तात्यांचा होता.

कळंब्याच्या पुढच्या या मळ्यात मेमधल्या एका रविवारी आण्णा माणसं बोलवायचे. साखर कारखान्यात पस्तीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेला माणूस. दारू त्यांना वर्ज्य नव्हती, पण आवड होती ती बीअरची, आणि तीही एकाच प्रकारची नव्हे. ऊन उतरायला लागलं की आंब्याखाली खुर्च्या मांडायच्या, चार तऱ्हेच्या बाटल्या उघडायच्या, एकेक पेला सावकाश संपवायचा आणि प्रत्येकानं काय लागलं ते सांगायचं. फ्रीजमधली बाटली चालत नसे. बर्फानं जीभ बधिर होते आणि मग सगळ्याच सारख्या लागतात, असं त्यांचं म्हणणं. विहिरीच्या पाण्याचा गारवा पुरे.

बाटल्या पुण्याहून आण्णांची लेक संयोगिता आणायची. या वर्षीही ती सकाळी नऊलाच गाडी घेऊन पोचली होती. डिकीतून खोके काढताना तिनं सवयीनं आण्णांचीच नावं घेतली. फिकी, गव्हाची, कडू आणि काळी. मग जरा पाठ टेकून बाराच्या सुमारास ती आंघोळीला गेली. आई शेडमध्ये गुडघ्याला तेल लावून आडवी झाली होती. तात्यांनी तेवढ्यात उरकून टाकलं.

*

विश्वजितनं पाच खुर्च्या आणल्या, आंब्याखाली मांडल्या आणि तात्यांनी खूण केल्यावर पाचवी परत उचलली.

"ठेव की शेडपाशी," तात्या म्हणाले.

"तात्या, ताईला कोण सांगणार?"

"तूच सांग. तुझी बहीण हाय."

"तिनं गाडी घालून बाटल्या आणल्यात. आणि मी तिला जाऊन सांगू, तू बसू नकोस?"

"आरं, मला काय हौस हाय व्हय? हुपरीचं पावणं येतंय. अक्षताचं ठरायच्या बेतात हाय. त्येंनी येऊन बघायचं, पोरीची आत्या गड्यांत बसून पेला तोंडाला लावती, आणि जाऊन घरात सांगायचं. मग काय करणार हायस?"

 अक्षता विश्वजितची एकुलती लेक. स्थळ तिला पसंत होतं, हे तिनं स्वतः त्याला सांगितलं होतं, मान खाली न घालता. मुलाच्या वडिलांचा, हुपरीच्या विजयसिंहरावांचा चांदीचा धंदा जुना आणि माणूस सरळ, असं सगळेच सांगत होते. त्यांना बैठकीला बोलवायची कल्पना विश्वजितचीच. चार भिंतींच्या आत चहा-पोहे खाऊन माणूस कळत नाही, असं त्याला वाटलं होतं. बोलावून झाल्यावर त्याला ताईची आठवण झाली.

तो शेडकडे गेला. त्याची बायको वर्षाराणी चुलीपुढे मटणाचं सुकं परतत होती.

"तू सांगतीस काय ताईला?"

तिनं विचारलं नाही, काय म्हणून. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"मी न्हाय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं त्यांनी मला एक शब्द वाकडा बोललेला न्हाय. तुमच्या घरातलं हाय, तुम्ही निस्तरा."

शेडच्या खांबाला टेकून आक्काताई लसूण सोलत बसल्या होत्या. आण्णांची थोरली बहीण, गारगोटीला दिलेली, ऐंशीच्या घरातली. त्यांनी डोकं वर न करता, तिकडच्या जुन्या बायकांच्या पुरुषी धाटणीत म्हटलं, "सांगतो मी. तू जा, खुर्च्या मांड."

*

संयोगिता ओले केस मोकळे सोडून शेडमध्ये आली. आत्यानं तिच्यापुढे लसणाचे दोन गड्डे टाकले.

"संयू, आज तू हितंच बस आमच्यात."

"का?"

"पावणं यायलेत म्हणून."

संयोगितानं एक पाकळी सोलली. पुण्यापासून पाच तास ती याच गोष्टीचा विचार करत आली होती. आण्णा नसताना आपली खुर्ची तिथे असेल का. तिला वाटलं होतं, असेल. पुण्यात कॉलेजमध्ये ती मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, यीस्टबद्दल तासभर बोलायची, पण या आंब्याखाली त्याच विषयावर बोलताना जे वाटायचं ते वर्गात कधी वाटलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी, घटस्फोटाचा कागद हातात पडल्यानंतरच्या मे महिन्यात, आण्णांनी तिच्यासाठी इथे पहिल्यांदा खुर्ची ओढली होती. "बस," एवढंच म्हणाले होते. आणि पेला भरून झाल्यावर, "बोल, काय सापडलं?"

"विशूनं सांगितलंय तुम्हाला?"

"विशूची कुठली छाती."

"आत्या, मी काय आज पहिल्यांदा बसणार आहे का तिथं? तात्या आहेत, अमरसिंहमामा आहेत. सगळी घरचीच माणसं. मामा तर मी आले की आपणहून खुर्ची सरकवतात. कुणाला कधी वावगं वाटलं नाही."

आक्काताईंनी सुपातली सालं फुंकली.

"कोण म्हणालं न्हाय वाटलं?"

"कुणी बोललं नाही कधी."

"बोलणार कसं? तुझा बाप बोलू द्यायचा काय? दर साली एप्रिल लागला की स्कूटर काढायचा. आधी धोंडीकडं, तुझ्या तात्याकडं, मग अमरसिंगाकडं, मग माझे मालक हुते तवर त्यांच्याकडं गारगोटीला. पोरगी बसणार हाय, तोंडं वाकडी करू नका, तिला कळलं न्हाय पायजे. पयल्या साली तर तुझा तात्या येणारच नव्हता. आण्णा म्हणाला, ती बसणार नसंल तर मीबी बसत न्हाय, तुम्ही तुमचं घरी बसून प्या. माझ्या मालकांपुढं हात जोडले त्यानं. मी उभा हुतो तिथं. थोरल्या बहिणीच्या दारात येऊन हात जोडले."

चुलीवरचं सुकं खाली लागत होतं. वर्षाराणीनं पाण्याचा हबका मारला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"दर वर्षी?" संयोगितानं विचारलं.

"दर साली. शेवटच्याबी. तवा दम लागत हुता त्याला, म्हणून फोनवरनं बोलला."

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"सांगून काय केलं असतंस? आली नसतीस."

ते खरं होतं. संयोगितानं उरलेला गड्डा सोलला. मामा खुर्ची सरकवायचे, तेव्हा ते आधी आण्णांकडे बघायचे. हे तिनं दर वर्षी पाहिलं होतं. त्याचा अर्थ तिनं कधी लावला नव्हता.

"मी तुला टोचाय सांगत न्हाय," आक्काताई जरा नरम आवाजात म्हणाल्या. "आमची अक्षता सुखात जाऊ दे, एवढंच."

"हो. बसते मी इथंच."

खाटेवर आई डोळे मिटून पडली होती. तिचे डोळे मिटलेले असले म्हणजे ती झोपलेली असते असं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

*

साडेपाचला हुपरीची गाडी बांधावर थांबली. विजयसिंहराव पांढऱ्या शर्टातले, साठीचे, सावकाश बोलणारे. सोबत कुणी नव्हतं. त्यांनी आंब्याकडे बघितलं, विहिरीत डोकावले, शेडकडे हात जोडले आणि खुर्चीत बसले.

तात्यांनी पोती वर ओढली तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं. हे काम नेहमी आण्णाचं, आणि आण्णा त्यांना दोरालाही हात लावू द्यायचा नाही. "धोंड्या, तू फोडशील." सत्तर वर्षांच्या माणसाला धोंड्या म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. तात्यांनी बैठकीचा हट्ट धरला होता तो त्यासाठी. हे ते कुणाला सांगणार नव्हते. आंब्याखाली बसलं तर निदान तसं म्हटल्याचं आठवेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पोती उघडली तर आत लेबलांचा लगदा आणि चोवीस बिनलेबलाच्या, तपकिरी बाटल्या. एकीसारखी दुसरी.

"पावणं, कुठली घेणार?"

"मला आपली साधी, फिकी असली तर द्या. कडू सोसत न्हाय. डॉक्टरनं बजावलंय, जडबी नको."

"फिकी तर फिकी," तात्या म्हणाले आणि हाताला आली ती उघडली. पेल्यात काकवीसारखं काळंभोर काहीतरी उतरलं.

पाहुण्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला. "ही फिकी?"

अमरसिंहमामा पोट धरून हसले. "आवो तात्या, काढा दिलाय काय पावण्याला? अजून सोयरीक व्हायचीय."

"असू दे, असू दे." पाहुण्यांनी मान राखायला एक घोट घेतला. त्यांचा चेहरा काही क्षण जागेवर आला नाही.

तात्यांनी दुसरी उघडली. ती फसफसून हातावर आली आणि पेल्यात गढूळ दिसली. "ही नासली वाटतं," म्हणून त्यांनी ती आंब्याच्या बुडाशी ओतली. तिसरी मामांनी चाखली आणि कडुलिंब चावल्यासारखं तोंड केलं. चौथी पुन्हा काळी.

"आण्णा असता तर..." मामा म्हणाले आणि थांबले.

"आण्णा न्हाय," तात्या म्हणाले. "विशू, जा बघू, ताईला इचार."

विश्वजित शेडमध्ये आला तेव्हा संयोगिता भाकरीसाठी पीठ चाळत होती. त्याला तिच्याकडे बघणं जड गेलं. त्यानं चाळणीकडे बघत सांगितलं.

"लेबलाशिवाय बाटली हातात घेऊन कसं सांगणार?" ती म्हणाली. "आण्णा दोरे बांधायचे, म्हणून कळायचं."

"दोऱ्याबिगर त्येंनाबी कळत नव्हतं," खाटेवरून आई म्हणाली. "दोरे बांधले न्हाईत तुम्ही?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी बांधायचे. सकाळी ते एकेक नाव वाचायचे, मी दोरा बांधायचे. काळीला निळा, गव्हाचीला पिवळा. कडूला तांबडा. फिकीला काय न्हाय." आई हळूहळू उठून बसली. "कालपासनं वाट बघत हुते, कोण इचारतंय काय. दोरे पिशवीत आणलेत मी."

तिनं बाटली कधी तोंडाला लावली नव्हती. आण्णांची माणसं दर वर्षी दोऱ्याचा रंग बघून हुशारीनं बाटली निवडायची, ती या बाईच्या गाठींवरून, आणि ते आंब्याखाली कुणालाच माहीत नव्हतं. संयोगितालाही नाही. तिला वाटायचं, ते आण्णांचं काम.

"आई, तू का नाही बोललीस?"

"कुणी आलंच न्हाय इचारायला," आई म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

विश्वजित अडखळत म्हणाला, "ताई, येऊन बघतीस जरा? पावणं खोळंबलेत."

*

पिठाचे हात पुसायला तिनं पदर शोधला, आणि मग आठवलं की आपण साडी नेसलेली नाही. ओढणीला पुसले. आंब्याखाली चार खुर्च्या होत्या. तिनं मोजल्या नाहीत, पण दिसल्या.

"नमस्कार," ती पाहुण्यांना म्हणाली. "ही माझी बहीण, संयोगिता," विश्वजितनं सांगितलं.

तिनं एक बाटली उचलून मावळतीच्या उन्हापुढे धरली. कललेलं ऊन काचेतून आलं नाही. "ही काळी." ती डावीकडे ठेवली. दुसरीच्या तळाशी गाळ हलला. "ही गव्हाची. यीस्ट खाली बसतं. नासलेली नसते, तात्या, तशीच असते." तात्यांनी आंब्याच्या बुडाकडे पाहिलं. ऊन आरपार येणाऱ्या बाटल्यांपैकी एक उघडून तिनं नुसती हुंगली. "संत्र्याच्या सालीचा वास आहे, ही कडू. बुचांवरचा ठसा बघा, हिच्यावर आहे, त्यांच्यावर नाही. मग त्या सहा फिक्या." पाच मिनिटांत टेबलावर चार रांगा लागल्या. तिनं फिकी उघडली, पेला तिरका धरून ओतला आणि पाहुण्यांपुढे ठेवला.

विजयसिंहराव सगळा वेळ तिच्या हातांकडे बघत होते.

"आम्ही चांदी हातात घेऊन बघतो तसंच की हे," ते म्हणाले. "बसा की ताई. उभ्यानं का?"

तात्यांनी घसा खाकरला. "तिला आत भाकरीचं बघायचंय."

"भाकरी हुईल की. आवो, आमची थोरली बंगळूरला नोकरी करती. घरी आली की माझ्यासंगं बसती. बायको दोन दिवस बोलत न्हाय मला, पण बसती." त्यांनी एक घोट घेतला. "हां. ही चांगली हाय."

विश्वजितला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. ज्या माणसासाठी हे केलं, त्यालाच ते नको होतं. तो धावत शेडपाशी गेला आणि पाचवी खुर्ची घेऊन आला. मामांनी आपली सरकवली. या वेळी त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. बघायला कुणी नव्हतं.

संयोगिता बसली.

वारा सुटला होता. उसाची पानं सळसळत होती, भाजलेल्या शेंगांची ताटली फिरत होती. तिनं कडूचा पेला घेतला. यंदाची चांगली होती. आधी संत्र्याची साल, मग ओल्या गवतासारखं काहीतरी, आणि घोट उतरल्यावर बऱ्याच वेळानं जिभेच्या कडांवर हळू येणारा कडवटपणा. ती थांबली. पेला हातात धरून, नकळत, दर वर्षीसारखी प्रश्नाची वाट बघत.

"पुण्यास्नं किती तास लागले?" मामांनी विचारलं.

"पाच."

"रस्त्याचं काम चालू हाय न्हवं?"

"चालू आहे."

मग उसाच्या तोडीचं निघालं, मग हुपरीच्या कारागिरांची पोरं धंद्यात राहत नाहीत त्याचं. पाहुण्यांनी तिला मान देऊन विचारलं, यांतली सगळ्यात कडक कुठली, आणि तिनं सांगितलं, काळी. तेवढंच. सगळे तिच्याशी नीट वागत होते. कुणाचं तोंड वाकडं नव्हतं. तिनं पाहिलं की मामा शेंगा सोलून तिच्यापुढे ठेवत होते. वाईट कुणीच नव्हतं. इतकी वर्षं ती इथे एकाच माणसाशी बोलत आली होती. बाकीचे त्या वेळी इथे बसलेले असायचे.

तात्यांच्या पेल्यात काळी होती. त्यांना ती आता बरी लागू लागली होती. जळक्या गुळासारखं काहीतरी होतं तिच्यात. आण्णा याला काहीतरी म्हणायचा, एक शब्द होता त्याचा. तो संयूला माहीत असणार. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. आण्णासारखंच नाक, आण्णासारखाच दोन्ही हातांत धरलेला पेला. विचारावंसं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण आज दुपारी आपणच पाचवी खुर्ची उचलायला लावली, आणि ते तिला कळलं असणार.

"शेंगा घे," ते म्हणाले.

"घेतल्या, तात्या."

तिनं पेला संपवला, अर्धा टाकून उठली नाही. मग भाकरीचं बघून येते म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही.

*

जेवून विजयसिंहराव निघाले तेव्हा बांधावर अंधार उतरत होता. गाडीत बसता बसता त्यांनी विश्वजितचा हात धरून लग्नाच्या तारखेचं बोलून टाकलं. वर्षाराणीनं शेडमध्ये डोळ्यांना पदर लावला. आक्काताई म्हणाल्या, माणूस चांगला निघाला, आपणच खुळ्यासारखं घाबरलो. त्या संयोगिताकडे बघून बोलल्या. तिनं मान हलवली.

विहिरीच्या थारोळ्यापाशी, पंपाचं पाणी पडतं तिथं, ती पेले विसळत होती. विश्वजित रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत तिच्या शेजारी आला.

"बसलीस ते बरं झालं ताई."

"हं."

"मी दुपारी... म्हणजे तात्या म्हणाले म्हणून..."

"आत्यानं सांगितलं मला सगळं. राहू दे, विशू. अक्षताचं छान झालं."

ती मनापासून म्हणाली होती, त्याला तेही कळलं. तिनं पुढचा पेला पाण्याखाली धरला.

"पुढच्या वर्षी मी बाटल्या पाठवून देईन," ती म्हणाली. "काळी जरा जास्त. तात्यांना आवडली."

तिनं शेवटचा पेला उगाच दुसऱ्यांदा विसळला. त्याला वेळ मिळावा म्हणून. का पाठवणार, तूच घेऊन ये की, असं तो म्हणेल, आणि मग आपण काय म्हणायचं, याचा तिनं विचार करून ठेवला होता.

विश्वजितनं खोक्याची झाकणं एकात एक अडकवली.

"आपल्या गल्लीतला आदर्श दर शनिवारी येतो की पुण्यास्नं गाडी घेऊन," तो म्हणाला. "त्याच्याकडं दिल्यास तरी चालंल."

"चालेल," ती म्हणाली. "त्याचा नंबर दे."